बारा वर्षांखालच्या लेकरांचं नेमकं काय ठरलं होतं? आरोग्य खात्याला एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालय, नवी दिल्ली
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: कोरोना, लहान मुलांची प्रतिकारशक्ती आणि लस याबाबत पालकांना न मिळालेली उत्तरं.

स. न. वि. वि.

यंदा, म्हणजे २०२५ साली, १६ जूनला शाळा भरली. मे महिन्यात कोरोनाचे आकडे थोडे वर सरकल्याच्या बातम्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे पहिल्या पालकसभेला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. गणवेशाचं झालं, पोषण आहाराचं झालं, आणि एक बाप मोबाईल पुढे धरून उभा राहिला. "मॅडम, अमेरिकेनं लहान लेकरांची कोरोनाची लस बंद केली म्हणं. मग आमच्या पोरीला दिलेली चुकीची होती का?" त्याच्या मागे बसलेल्या बाईंची काळजी बरोबर उलटी. "आमच्या धाकट्याला तर कुणी दिलीच नाही. राहून गेली का ती?"

मी दोघांनाही म्हटलं, चौकशी करून सांगते. चौकशी करायची कुणाकडे, हे घरी येऊन चहा टाकल्यावर लक्षात आलं. आरोग्य सेविकाताईंना विचारलं, त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. ते सज्जन गृहस्थ म्हणाले, "वरून जे आलं ते आम्ही दिलं, आता वरून काही येत नाही." म्हणून हे पत्र 'वर' पाठवते आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. नाव लिहीत नाही. नोकरीचे नियम आपल्यालाही ठाऊक आहेत.

शाळेचं नंतर सांगते, आधी घरचं.

मे २०२१ मध्ये आमच्या घरात कोरोना शिरला. सासूबाईंना अकरा दिवस ऑक्सिजन लागला, यजमान आणि मी दहा दिवस अंथरुणात. मुलगी अकरा वर्षांची, तिला शिंकसुद्धा आली नाही. मुलगा सात वर्षांचा, त्याचं अंग एक दिवस कोमट लागलं आणि संध्याकाळी तो अंगणात सायकल फिरवत होता. त्या दोघांची तपासणी केलीच नाही. केंद्रावर मोठ्यांचीच रांग संपत नव्हती. सासूबाई घरी आल्या तेव्हा आम्ही म्हटलं, देवानं लेकरांवर हात ठेवला.

चार आठवड्यांनी मुलाला ताप आला. उतरेना. पोटात दुखायला लागलं, डोळे लाल झाले पण चिपडं नाहीत, पोटावर आणि पाठीवर पुरळ, ओठ उन्हात तडकलेल्या ढेकळासारखे. गावातल्या दवाखान्यात टायफॉइडचं औषध मिळालं. तालुक्याला पोटाचं दुखणं बघून अपेंडिक्सचा संशय घेतला. पाचव्या दिवशी पोरगं मान टाकायला लागलं तसं गाडी करून आम्ही औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) गेलो. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी डोळे, ओठ आणि बोटं बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात कोरोना कधी होऊन गेला?"

नाकातला स्वॅब निगेटिव्ह आला. रक्तात मात्र कोरोनाच्या अँटिबॉडी, म्हणजे त्या विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं, भरपूर. आजाराचं नाव एमआयएस-सी. संसर्ग होऊन दोन ते सहा आठवडे उलटल्यावर काही थोड्या मुलांत प्रतिकारशक्तीच खवळते आणि हृदय, आतडी, रक्तवाहिन्या यांनाच सुजवते. डॉक्टर म्हणाले, "ताई, विषाणू कधीच निघून गेलाय. हे भांडण त्याच्या अंगानंच उकरून काढलंय." मुलाचं वजन १९ किलो. इम्युनोग्लोब्युलिनचा (शिरेतून द्यायच्या तयार अँटिबॉडींचा) डोस किलोला दोन ग्रॅम, म्हणजे ३८ ग्रॅम. पाच-पाच ग्रॅमच्या आठ कुप्या. यजमानांनी त्या बर्फाच्या पिशवीतून दोन-दोन करून आणल्या आणि ते रात्रभर थेंबथेंब सुरू होतं. माझ्या हातातल्या पाटल्या त्या आठवड्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. घरी आल्यावर त्याच्या बोटांच्या टोकांची साल निघायची आणि तो ती सोलून वहीत ठेवायचा, जमवल्यासारखी. हृदयाची एक रक्तवाहिनी जरा फुगली होती, ती सहा महिन्यांनी सोनोग्राफीत पूर्ववत दिसली. आज तो सहावीत आहे आणि कबड्डी खेळतो.

एकाच घरातली दोन भावंडं, विषाणू तोच, आठवडा तोच. एकीला काहीच नाही आणि एकाला एवढं सगळं. हे का होतं ते कळावं म्हणून मी वाचायला लागले. इंग्रजी सावकाश वाचते, पण लागतं.

जे समजलं ते थोडक्यात मांडते. माझं काही चुकत असेल तर दुरुस्त करा. तेवढ्यासाठी जरी उत्तर पाठवलंत तरी चालेल.

आमच्याकडे जोंधळा हुरड्यावर आला की रानात माच्यावर राखण बसते. मोठ्या माणसाच्या नाकातला राखणदार झोपलेला असतो आणि पाखरं अर्धं रान खाऊन गेल्यावर उठतो. लेकराच्या नाकातला आधीपासूनच गोफण हातात घेऊन उभा असतो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मुलांच्या आणि मोठ्यांच्या नाकातल्या पेशी तपासून जवळजवळ हेच दाखवलं. विषाणू ओळखणारी यंत्रणा मुलांच्या पेशींत संसर्गाच्या आधीपासून तयार असते, त्यामुळे इंटरफेरॉन हे विषाणूला अडवणारं प्रथिन लवकर सुटतं आणि विषाणूला हातपाय पसरायला वेळ मिळत नाही. शिवाय साध्या सर्दीचे चार कोरोना विषाणू लहान मुलांना वरचेवर भेटत असतात, त्यांच्याशी झालेल्या झटापटीही थोड्या कामी येत असाव्यात.

पुढचा भाग मला सगळ्यात चक्रावणारा वाटला. मेलबर्नच्या संशोधकांनी संसर्ग सिद्ध झालेल्या मुलांचं आणि मोठ्यांचं रक्त तपासलं. नाकातला विषाणूचा भार दोघांत सारखाच होता, तरी अँटिबॉडी सापडल्या त्या मुलांपैकी ३७ टक्क्यांत आणि मोठ्यांपैकी ७६ टक्क्यांत. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांनी विषाणूला असं हुसकावलं की रक्तात खूणच उरली नाही. दुसरीकडे ब्रिटनमध्ये ३ ते ११ वर्षांच्या मुलांत अँटिबॉडीही दणकट आणि टी पेशींचा (संसर्ग झालेल्या पेशी हेरणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) प्रतिसाद तर मोठ्यांच्या दुपटीहून अधिक निघाला, आणि सहा महिन्यांनंतरही टिकलेला. जर्मनीतल्या कुटुंबांच्या अभ्यासात मुलांच्या अँटिबॉडी मोठ्यांपेक्षा जास्त आणि जास्त टिकाऊ आढळल्या. हे निष्कर्ष एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. न जुळोत, शास्त्र असंच पुढे जातं, आठवीच्या वर्गाला मी हेच शिकवते. पण या न जुळणाऱ्या गोष्टींतून आपण आमच्या लेकरांसाठी काय निष्कर्ष काढलात, एवढं आम्हाला सांगायला हवं होतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार शाळांची आहे, कारण ती सगळ्यात जुनी आणि माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेली आहे. २० जुलै २०२१ रोजी चौथ्या राष्ट्रीय सेरो सर्वेक्षणाचे, म्हणजे लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासणाऱ्या पाहणीचे, आकडे जाहीर झाले. ७० जिल्हे होते, त्यांत आमचा बीडही होता. ६ ते ९ वयोगटातल्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटातल्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या; त्या वेळी मुलांना लस नव्हतीच, म्हणजे हा सगळा संसर्गाचा हिशेब. मुंबई महापालिकेच्या मुलांच्या पाहणीतही ५१ टक्क्यांवर आकडा आला होता. मेलबर्नचं खरं धरलं तर प्रत्यक्षात संसर्ग होऊन गेलेली मुलं याहूनही जास्त असणार. त्याच दिवशी आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी सांगितलं की लहान मुलं हा संसर्ग मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, विषाणू ज्याला चिकटतो ते रिसेप्टर त्यांच्यात कमी असतात, त्यामुळे शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडणं शहाणपणाचं.

आणि आपल्या राज्यात झालं काय? ४ ऑक्टोबर २०२१ला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग भरले. पहिली ते चौथी भरली १ डिसेंबरला, सगळ्यांच्या शेवटी. जानेवारीत ओमायक्रॉन आला तशा शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ तारखेपासून पुन्हा उघडायला लागल्या. ज्यांचं शरीर हा विषाणू सगळ्यात चांगला हाताळत होतं, ती लेकरं वीस महिन्यांहून जास्त काळ घरी. मधल्या काळात हॉटेलं उघडली, लग्नं लागली, कारखान्यांचे बॉयलर पेटले. डिसेंबरात चौथीच्या वर्गावर बदली शिक्षिका म्हणून गेले तर एका मुलीनं स्वतःचं आडनाव लिहिताना रफार कुठं द्यायचा म्हणून माझ्याकडे बघितलं. पहिलीत असताना लिहायची ती. त्या वर्गातली काही मुलं आज माझ्याकडे आठवीला आहेत आणि भागाकार अजून अडतो. हा निर्णय घेताना मुलांच्या प्रतिकारशक्तीबद्दलचं ज्ञान टेबलावर होतं का, आणि असून बाजूला सारलं असेल तर कोणत्या कारणानं, हे मला राज्याच्या आरोग्य विभागाकडून लेखी हवं आहे. त्या वेळी बालरोगतज्ज्ञांचं कृती दल नेमलेलं होतं, तेव्हा विचारायला माणसं नव्हती असंही म्हणता येणार नाही.

दुसरी तक्रार बारा वर्षांच्या रेघेची. ३ जानेवारी २०२२ला १५ ते १७ वयाच्या मुलांना कोव्हॅक्सिन सुरू झाली आणि १६ मार्चला १२ ते १४ वयाच्यांना कॉर्बेव्हॅक्स. आमच्या शाळेत लसीकरणाचा दिवस ठरला तेव्हा सहावी-सातवीचा वर्ग अक्षरशः दोन ओळींत उभा राहिला: बारा पूर्ण झालेले आणि न झालेले. नोंदणीसाठी मोबाईल हवा. निम्म्या आईबापांचे फोन कारखान्यावर, उसाच्या फडात. मग कोविनवर, लसीच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, आम्हा शिक्षकांचेच नंबर घातले, एका नंबरवर जितकी पोरं बसतील तितकी. दिवसभर व्हरांड्यात एकच गजर, "मॅडम, ओटीपी आला का?" तीन मुलांच्या आधारवर जन्मतारीख १ जून. ही १ जून काय चीज आहे हे मराठवाड्यातल्या कुठल्याही मास्तरला विचारा. जन्माचा दाखला नसला की ती तारीख आपोआप पडते. ती मुलं खरोखर त्याच्या आदल्या दिवाळीत जन्मलेली, म्हणजे बारा पूर्ण झालेली होती, पण कागदावर १ जून २०१० असल्यामुळे मागे थांबली. त्यांतला एकजण मला म्हणाला, "मॅडम, मला कोरोना कागद बघून होणारंय का?" मी हसले. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या डोसची कथा आणखी वेगळी. अंतर २८ दिवसांचं. त्या साली ऊस एवढा होता की गाळप जूनपर्यंत लांबलं. आजीकडे राहून शिकणारी काही मुलं परीक्षा झाली तशी आईबापांकडे फडावर गेली. दुसरा डोस तिकडे कुणी दिला का, मला माहीत नाही. पाया म्हणून एक डोस आणि आधीचा संसर्ग मिळून पुरतो की नाही, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता. तिसरी लाट ओसरून गेल्यावर ही लस आली होती, म्हणजे बहुतेक मुलांची विषाणूशी गाठ आधीच पडून गेलेली असणार. इंग्लंडमध्ये १२ ते १५ वयाच्यांना सुरुवातीला एकच डोस ठरला होता. आपण दोन ठरवलेत. असेल कारण. काय होतं ते?

तिसरी तक्रार या पत्राचं मूळ आहे. २६ एप्रिल २०२२ला पाच ते बारा वयासाठी कॉर्बेव्हॅक्सला आणि सहा ते बारा वयासाठी कोव्हॅक्सिनला औषध महानियंत्रकांची आपत्कालीन मंजुरी मिळाल्याची बातमी आली. मी ती कात्री घेऊन कापून ठेवली, कारण माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. एमआयएस-सी होऊन गेलेल्या लेकराला लस द्यावी का, दिली तर ते अंग पुन्हा खवळेल का, या प्रश्नानं माझी झोप उडाली होती. प्रश्न सुटला नाही, आपोआप मिटला. राष्ट्रीय कार्यक्रमात बारा वर्षांखालच्यांना लस आलीच नाही. मंजुरी मिळालेली लस मुलांना का दिली जात नाही, याचं उत्तर वृत्तपत्रांतून तुकड्यातुकड्यानं, कधी या सदस्याच्या तर कधी त्या तज्ज्ञाच्या तोंडून येत राहिलं. माझ्या शाळेच्या आवक रजिस्टरमध्ये गेल्या पाच वर्षांत हात कसे धुवावेत याची सात परिपत्रकं आहेत. या प्रश्नावर एकही नाही.

इथे एक कबुली देते. मला वाटतं आपला निर्णय बरोबर होता. निरोगी लहान मुलांत गंभीर आजार फार विरळा, बहुतेकांना संसर्ग होऊन गेलेला, लस मूळ विषाणूवर बेतलेली आणि समोर ओमायक्रॉन. अशा वेळी कोट्यवधी मुलांना टोचण्यातून मिळणारा फायदा लहानच असणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटानंही मार्च २०२३ मध्ये सहा महिने ते १७ वर्षांच्या निरोगी मुलांना कमी प्राधान्याच्या गटात ठेवलं. म्हणजे आपल्याकडे सांगण्यासारखं कारण होतं. मग सांगायला काय हरकत होती? ब्रिटनच्या लसीकरण समितीनं ३ सप्टेंबर २०२१ला जाहीरपणे लिहून दिलं की १२ ते १५ वयाच्या निरोगी मुलांना लसीचा फायदा धोक्यापेक्षा जरासाच जास्त आहे, सरसकट शिफारस करण्याइतका नाही. दहा दिवसांनी तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शाळा बुडण्याचं नुकसान हिशेबात धरून एका डोसची शिफारस केली. दोन सरकारी मतं, दोन्ही छापील, दोन्हींची कारणं दिलेली. कुणाला पटलं, कुणाला नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर शोधत बसावं लागलं नाही.

आमच्याकडे ती जागा व्हॉट्सअ‍ॅपनंच भरली. २७ मे २०२५ला अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी निरोगी मुलांसाठी लसीची शिफारस काढून टाकल्याचं जाहीर केलं. थोड्याच दिवसांत तिथल्या वेळापत्रकात डॉक्टरशी बोलून ठरवा असं आलं, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ६ ते २३ महिन्यांच्या सगळ्या बाळांना लस द्यावी असा आपला वेगळा सल्ला काढला. यातलं आमच्या गावात पोहोचलं फक्त पहिलं वाक्य, तेही 'लस घातक निघाली' अशा शेपटासकट. तिथल्या लशी एमआरएनएच्या (विषाणूचं प्रथिन बनवायची चिठ्ठी शरीराला देणाऱ्या) आणि आपल्या पोरांना दिलेल्या पूर्ण वेगळ्या, हे सांगायला मला फळ्यावर चित्र काढावं लागलं. त्या सभेनंतर एका आईनं धाकट्याचं गोवर-रुबेलाचं इंजेक्शन पुढे ढकललं. २०२२च्या शेवटी मुंबईत गोवंडीत गोवरानं काय केलं ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. न दिलेल्या उत्तराची किंमत ही अशी दुसऱ्याच रोगाच्या खात्यावर पडते.

चौथी, चाचण्यांची. कोव्हॅक्सिनची २ ते १८ वयोगटातली चाचणी ५२५ मुलांवर झाली. त्यांत मोठ्यांपेक्षा १.७ पट अँटिबॉडी तयार झाल्याचं कंपनीनं सांगितलं. चांगलंच आहे. पण एवढ्या मुलांत अँटिबॉडी मोजता येतात. हजारांत एकाला होणारी गोष्ट, मग ती लसीचा दुष्परिणाम असो की माझ्या मुलासारखा आजार टळणं असो, एवढ्यांत दिसण्याची शक्यता थोडी. ते नंतरच्या पाठपुराव्यातूनच कळतं. अमेरिकेत फायझरचे दोन डोस घेतलेल्या १२ ते १८ वयाच्यांत एमआयएस-सी ९१ टक्क्यांनी कमी आढळला, हे त्यांनी देशभरच्या रुग्णालयांच्या नोंदी जुळवून काढलं. आपल्या दोन लशींबद्दल असं काही असेल तर ते माझ्यासारखीपर्यंत येऊ द्या. माझ्या मुलाचा स्वॅब निगेटिव्ह होता, त्यामुळे कोरोनाच्या आकड्यात तो नाही. एमआयएस-सीच्या कुठल्या रजिस्टरात त्याचं नाव आहे का, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

पाचवी नोंदींची, आणि ही वाटते तेवढी कारकुनी नाही. कोव्हॅक्सिनमध्ये पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) वेगळा केलेला अख्खा विषाणू निष्क्रिय करून घातलेला आहे, त्यामुळे ती घेतलेल्याच्या रक्तात विषाणूच्या काट्यांविरुद्ध आणि आतल्या एन प्रथिनाविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात. कॉर्बेव्हॅक्समध्ये काट्याचा एक तुकडा तेवढा आहे. कॉर्बेव्हॅक्स घेतलेल्या माझ्या मुलीच्या रक्तात उद्या एन प्रथिनाच्या अँटिबॉडी सापडल्या तर त्या संसर्गाच्याच म्हणता येईल. तेव्हा अकरावीत असलेल्या, कोव्हॅक्सिन घेतलेल्या भाच्याबद्दल तसं सांगता येणार नाही. म्हणजे कुठली लस आणि कधी, हे माहीत नसेल तर पुढची रक्ततपासणी वाचताच येत नाही. ही माहिती कुठे आहे? शिक्षकांच्या जुन्या सिमकार्डांत. आमचे एक सर निवृत्त झाले, नंबर बंद पडला, त्याबरोबर पाच मुलांची प्रमाणपत्रंही गेली. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, दात बघतं, डोळे बघतं, वजन घेतं. त्यांच्या कार्डावर एक रकाना वाढवायला किती शाई लागेल?

आणखी एक, जिच्याविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं आणि जागा सगळ्यात कमी उरली. माझ्या वर्गात थॅलेसेमियाची एक मुलगी आहे. दर महिन्याला रक्त चढतं. निरोगी मुलांना लस नको हे मी समजू शकते. हिला हवी की नको, आणि हवी असेल तर ती आज मिळते कुठे? तिच्या वडिलांनी मला हे विचारलं तेव्हा पालकसभा संपली होती आणि ते दारात चपला घालत होते.

मागण्या साध्या आहेत.

बारा वर्षांखालच्या मुलांना कार्यक्रमात का घेतलं नाही, आणि बारावरच्यांना दोन डोस का दिले, हे दोन पानांत, मराठीत, सहीनिशी जाहीर करा आणि शाळांना पाठवा. आकडे अपुरे असतील तर अपुरे म्हणून लिहा.

मुलांना दिलेल्या दोन्ही लशींचा वयोगटानुसार पाठपुरावा काय सांगतो, गंभीर दुष्परिणामांच्या किती नोंदी झाल्या आणि तपासाअंती काय निघालं, ते जाहीर करा.

एमआयएस-सी होऊन गेलेल्या मुलांची राज्यात एक यादी करा आणि जिल्हा रुग्णालयात वर्षातून एकदा हृदयाची तपासणी मोफत ठेवा. माझ्या मुलाची आम्ही करतो, आम्हाला परवडतं. ज्यांची शेतं गहाण पडली त्यांना नाही परवडत.

बाल स्वास्थ्य पथकाच्या कार्डावर कोरोनाचा आजार, लसीचं नाव आणि तारीख यांचा रकाना घाला, आणि कोविनवरचं मुलांचं प्रमाणपत्र मोबाईल नंबरशिवाय, आधार किंवा शाळेच्या नोंदीवर काढता येईल असं करा.

थॅलेसेमिया, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार असलेल्या मुलांसाठी आजचा सल्ला काय आहे ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत लेखी पोहोचवा.

आणि राज्य शासनाला वेगळं: पुढच्या साथीत प्राथमिक शाळा बंद ठेवायची वेळ आली, तर मुलांच्या शरीराबद्दल तोवर कळलेलं त्या आदेशातच कारण म्हणून लिहा.

आमची पालकसभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी साडेदहाला असते. मोबाईलवाले ते वडील आणि धाकट्याची आई दोघंही नेमानं येतात. आलेला कागद मी सभेत मोठ्यानं वाचून दाखवीन आणि नंतर फलकावर लावीन. थॅलेसेमियाच्या मुलीच्या वडिलांना त्याची झेरॉक्स घरी नेऊन देईन, कारण शनिवारी त्यांना बहुतेक वेळा रक्तपेढीत जावं लागतं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक शिक्षिका, जिल्हा बीड